रक्तातला आकडा आणि ग्रंथीचे माप : प्रोस्टेट कर्करोगाचा धोका जोखणारा एक साधा भागाकार

बऱ्हाणपूरहून इंदूर रस्त्याने सुमारे १८० किलोमीटर, भुसावळ रेल्वेने पन्नासच्या आसपास आणि मुंबई सुमारे ५०० किलोमीटर. तापीकाठचे हे जुने शहर मध्य प्रदेशात असले तरी त्याचा अर्धा व्यवहार सीमेपलीकडच्या जळगाव जिल्ह्याशी चालतो. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि मोहल्ल्यात उर्दू अशी इथली तऱ्हा आहे. २००३ मध्ये खंडव्यापासून वेगळा होऊन बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ७ लाख ५८ हजार होती. यंत्रमाग आणि केळी हे इथले पोटापाण्याचे मुख्य आधार. गोव्याच्या कोणत्याही कोपऱ्यातून सकाळी निघून बांबोळीला तपासणी करून संध्याकाळी घरी परतता येते. बऱ्हाणपूरच्या विणकराला मोठ्या रुग्णालयाची वारी म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी, सोबतीचा माणूस आणि परक्या शहरातला मुक्काम.

अशा ठिकाणी साठीतल्या एखाद्या पुरुषाच्या रक्ततपासणीत ‘पीएसए ६.२’ असा आकडा येतो, शेजारी ‘सामान्य मर्यादा ४ पर्यंत’ असे छापलेले असते आणि आकड्याखाली ठळक रेघ ओढलेली असते. घरात कर्करोग हा शब्द उच्चारला जातो. मग प्रश्न उभा राहतो तो प्रवासाचा. इंदूर गाठायचे, मुंबईला जायचे, की थांबायचे? या प्रश्नाचे पूर्ण उत्तर कोणतीही एक चाचणी देत नाही. पण त्या उत्तराचा बराचसा भाग अनेकदा घरातच, दोन वेगवेगळ्या कागदांवर लिहिलेला असतो. एक कागद रक्ततपासणीचा आणि दुसरा पोटाच्या सोनोग्राफीचा. पहिल्यावरच्या आकड्याला दुसऱ्यावरच्या मापाने भागले की जे हाती येते त्याला ‘पीएसए घनता’ म्हणतात.

प्रोस्टेट, म्हणजे पौरुषग्रंथी, मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून असते. तरुणपणी तिचा आकार साधारण २० ते २५ घन सेंटिमीटर असतो. ती जे प्रथिन तयार करते त्यालाच पीएसए असे संक्षिप्त नाव आहे. वीर्य पातळ ठेवणे हे त्या प्रथिनाचे नैसर्गिक काम. निरोगी ग्रंथीत ते आपल्या नलिकांतच वाहते आणि रक्तात त्याचा अगदी किंचित अंश उतरतो. रक्तातले प्रमाण नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर या एककात, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागात मोजले जाते. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरातील रॉसवेल पार्क संस्थेत हे प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. अमेरिकेच्या औषध नियामकाने १९८६ मध्ये त्याच्या चाचणीला मान्यता दिली ती केवळ आधीच निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. नव्या निदानासाठी ती मान्यता १९९४ मध्ये मिळाली. दरम्यानच्या काळात ४ ही मर्यादा रूढ झाली आणि तिने जगभरच्या पुरुषांची झोप उडवली.

चारच्या या रेषेची अडचण दुहेरी आहे. रेषेच्या वर असलेल्या बहुतेकांना कर्करोग नसतो. ४ ते १० या मधल्या पट्ट्यातल्या पुरुषांची बायोप्सी केली तर पाश्चात्त्य देशांच्या जुन्या अनुभवानुसार साधारण चौघांत एकाला कर्करोग सापडतो. भारतातल्या अनेक रुग्णालयांच्या नोंदींत हे प्रमाण त्याहूनही कमी आढळले आहे. याउलट रेषेच्या खालचे सगळेच सुरक्षित असतात असेही नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रतिबंधक चाचणीत ज्यांचा पीएसए सातत्याने ४ किंवा त्याहून कमी होता अशांचीही शेवटी बायोप्सी करण्यात आली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत सुमारे १५ टक्क्यांना कर्करोग आढळला. त्यातले बरेचसे सौम्य प्रकारचे होते, पण सगळे नव्हते.

याचे कारण साधे आहे. पीएसए हे कर्करोगाचे द्रव्य नव्हे, ते प्रोस्टेटचे द्रव्य आहे. वय वाढते तशी बहुतेक पुरुषांची ग्रंथी निरुपद्रवीपणे फुगते. रात्री तीन-चारदा उठावे लागणे, धार बारीक होणे, लघवी पूर्ण न झाल्यासारखे वाटणे ही त्याची ओळखीची लक्षणे. ग्रंथी दुप्पट झाली तर पीएसए तयार करणाऱ्या पेशीही वाढतात आणि रक्तातला आकडा आपोआप चढतो. त्यात रोगाचा काहीच हात नसतो.

बऱ्हाणपूरच्या माणसाला हे यंत्रमागाच्या हिशेबाने लगेच समजेल. समजा, दोन कारखान्यांतून रोज सारखेच, सहा-सहा किलो सूत वाया जाते. एका कारखान्यात साठ माग आहेत, दुसऱ्यात अठ्ठावीस. नुसते वजन पाहणारा म्हणेल, दोन्हीकडे सारखीच स्थिती आहे. मालक तसे म्हणणार नाही. तो मागामागे हिशेब काढेल आणि दुसऱ्या कारखान्यात शिरून कोणता माग बिघडला आहे ते शोधू लागेल. पहिल्या कारखान्यात बिघडलेला माग नसेलच अशी खात्री तो देणार नाही, परंतु शोध कुठून सुरू करायचा हे त्याला कळलेले असते.

पीएसए घनता हाच हिशेब करते. प्रोस्टेटची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला ०.५२ ने गुणायचे. लंबगोलाचे आकारमान काढण्याचे हे शालेय सूत्र आहे. आलेल्या आकड्याने पीएसएला भागायचे. समजा, दोन पुरुषांचा पीएसए ६.२ आहे. पहिल्याच्या ग्रंथीची मापे ४.८, ४.४ आणि ५.४ सेंटिमीटर. आकारमान सुमारे ५९ घन सेंटिमीटर, घनता सुमारे ०.१०. दुसऱ्याची मापे ४, ३ आणि ४.५. आकारमान २८, घनता ०.२२. रक्ताच्या कागदावर हे दोघे जुळे भाऊ वाटतात. भागाकारानंतर पहिल्याच्या वाढलेल्या आकड्याचे स्पष्टीकरण त्याच्या मोठ्या ग्रंथीत मिळते. दुसऱ्याच्या आकड्याचे तसे मिळत नाही.

या कल्पनेमागचा पाया स्टॅनफर्ड विद्यापीठातील थॉमस स्टेमी आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये घातला. निरुपद्रवी वाढीच्या प्रत्येक ग्रॅममागे रक्तातला पीएसए जेवढा वाढतो, त्याच्या साधारण दहापट तो कर्करोगाच्या तेवढ्याच ऊतीमागे वाढतो, असे त्यांच्या मोजमापात दिसले. त्यांचे नेमके आकडे त्या काळच्या चाचणीपद्धतीचे होते. आज ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत, पण तफावतीची दिशा तीच आहे. यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. कर्करोगाची पेशी पीएसए जास्त बनवते म्हणून आकडा चढतो असे नव्हे. कर्करोगात ग्रंथीची रचना मोडते, नलिका आणि रक्तवाहिन्या यांच्यामधला पडदा विस्कटतो आणि जे आत वाहायचे ते रक्तात झिरपते. आकडा चढतो तो या गळतीमुळे. म्हणूनच लहान ग्रंथीतून मोठा आकडा येणे अधिक संशयास्पद ठरते.

१९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील मिचेल बेन्सन आणि सहकाऱ्यांनी पीएसए घनता हे माप मांडले. पुढे ०.१५ ही त्याची प्रचलित रेषा ठरली. उत्साह फार काळ टिकला नाही. विल्यम कॅटलोना आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की, केवळ या रेषेवर विसंबून बायोप्सी टाळली तर लक्षणीय संख्येने कर्करोग निसटतील. शिवाय ग्रंथीचे माप घेण्यासाठी गुदमार्गे सोनोग्राफी करावी लागे. ती करायचीच तर त्याच बैठकीत बायोप्सीही उरकून घ्यावी, असा त्या काळचा कल होता. घनता पाठ्यपुस्तकांत राहिली, व्यवहारातून मागे पडली.

तिला पुन्हा महत्त्व मिळाले ते दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे, ‘कोणताही कर्करोग शोधणे’ हे उद्दिष्टच बदलले. प्रोस्टेटच्या अनेक सौम्य गाठी माणसाच्या आयुष्यभर काहीच त्रास देत नाहीत. शोधायला हवा तो पसरण्याची ताकद असलेला प्रकार. निसटणाऱ्या कर्करोगांत सौम्य प्रकार अधिक असतील तर ते निसटणे तितके भयावह उरत नाही. दुसरी गोष्ट एमआरआयची. २०१७ मध्ये ब्रिटनमधील ५७६ पुरुषांवरचा आणि २०१८ मध्ये ५०० पुरुषांवरचा असे दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. बायोप्सीपूर्वी एमआरआय केल्यास गंभीर कर्करोग अधिक नेमकेपणाने सापडतात आणि अनेकांची बायोप्सी टळते, हे त्यांतून स्पष्ट झाले. एमआरआय हाती आल्यावर ग्रंथीचे अचूक आकारमानही आयतेच मिळू लागले आणि जुना भागाकार पुन्हा कामाला लागला.

आता एमआरआयच्या अहवालात संशयाला १ ते ५ असे गुण दिले जातात. या पद्धतीला पाय-रॅड्स म्हणतात. १ आणि २ म्हणजे संशय कमी, ४ आणि ५ म्हणजे जास्त. ३ हा आकडा म्हणजे ‘सांगता येत नाही’ याचे सभ्य रूप. डॉक्टरांना घनतेची खरी मदत होते ती या तिनाच्या ठिकाणी. गुण ३ आणि घनता ०.१० च्या खाली असेल तर बायोप्सी पुढे ढकलून लक्ष ठेवणे बहुधा रास्त ठरते. गुण ३ आणि घनता ०.१५ किंवा ०.२० च्या पुढे असेल तर बायोप्सीकडे झुकावे लागते. एमआरआय स्वच्छ असूनही घनता ०.२० ओलांडत असेल तर स्वच्छ अहवालावर आंधळा विश्वास ठेवू नये, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. ०.१५ ही काही दगडावरची रेघ नव्हे. ०.१४ सुरक्षित आणि ०.१६ धोकादायक असे शरीर मानत नाही. घनता वाढत जाते तसा धोका चढत जातो, इतकेच.

तथापि बऱ्हाणपूरसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी क्रम उलटा लागतो. प्रोस्टेटचा चांगला एमआरआय आणि तो वाचणारा अनुभवी रेडिओलॉजिस्ट मोठ्या शहरात असतो. रक्ततपासणी आणि पोटाची सोनोग्राफी मात्र गावातच होते. इथे घनतेचे काम एमआरआयनंतरचा निकाल लावण्याचे नसून, एमआरआयसाठी कोणाला तातडीने पाठवायचे आणि कोणाला काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून पाहायचे, हे ठरवायला मदत करण्याचे आहे. भागाकाराला खर्च येत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. भागायचा आकडा विश्वासार्ह नसेल तर भागाकारही नसतो.

सोनोग्राफीच्या कित्येक अहवालांत प्रोस्टेटविषयी एवढेच लिहिलेले असते : ‘ग्रेड दोन प्रोस्टेटोमेगॅली’, म्हणजे मध्यम प्रमाणात वाढलेली ग्रंथी. या ग्रेडवरून घनता काढता येत नाही. काही ठिकाणी वजन ग्रॅममध्ये दिलेले असते. ते चालते, कारण प्रोस्टेटच्या ऊतीचा एक ग्रॅम आणि एक घन सेंटिमीटर यांत फरक नगण्य आहे. सर्वांत उत्तम म्हणजे तिन्ही मापे लिहिलेली असणे. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना ‘साहेब, प्रोस्टेटची तिन्ही मापे आणि आकारमान कागदावर लिहून द्या’ एवढी विनंती रुग्ण किंवा त्याचा मुलगा सहज करू शकतो. यंत्र ते माप तसेही काढतेच.

पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत माप चुकण्याची शक्यता गुदमार्गे केलेल्या सोनोग्राफीपेक्षा किंवा एमआरआयपेक्षा अधिक असते. मूत्राशय पुरेसे भरलेले नसेल तर ग्रंथीच्या कडा धूसर दिसतात. पोटावर चरबी जास्त असेल तरीही तसेच होते. ग्रंथीचा मधला भाग मूत्राशयात वर आलेला असेल तर उंची कुठून कुठपर्यंत धरायची याविषयी दोन डॉक्टरांत मतभेद होतात. या चुका किरकोळ वाटतात, पण वरच्या उदाहरणातल्या दुसऱ्या पुरुषाकडे पुन्हा पाहावे. त्याचे खरे आकारमान २८ आहे. ते चुकून ४२ नोंदले गेले तर ०.२२ ची घनता ०.१५ च्या किंचित खाली उतरते आणि ज्याला इंदूरला पाठवायचे तो घरी राहतो. म्हणून घनता रेषेच्या जवळपास असेल तर ग्रंथी पुन्हा मोजणे हेच शहाणपणाचे. घनता ०.०६ किंवा ०.४० असेल तर मापातल्या थोड्याफार चुकीने निर्णय बदलत नाही.

वरचा आकडा, म्हणजे पीएसए, बिघडवणारी कारणे याहून अधिक आहेत. लघवीचा संसर्ग झालेला असताना किंवा प्रोस्टेटला सूज असताना घेतलेल्या रक्तात पीएसए कित्येक पट वाढलेला सापडू शकतो. लघवी अडकून नळी घालावी लागली असेल तर त्यानंतर काही आठवडे आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. वीर्यस्खलनानंतर दोन दिवस चाचणी टाळावी. वाढलेला पीएसए पहिल्यांदाच आला तर घाबरून पुढची पायरी चढण्याआधी संसर्ग आहे का ते पाहावे, असल्यास उपचार घ्यावेत आणि साधारण चार ते आठ आठवड्यांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, पुन्हा रक्त द्यावे. प्रयोगशाळांच्या पद्धतीत फरक असतो. दोन ठिकाणच्या आकड्यांची तुलना म्हणजे दोन तराजूंवर तोललेल्या केळ्यांच्या घडांची तुलना. अनेक पुरुषांचा वाढलेला पीएसए दुसऱ्या वेळी आपोआप खाली आलेला असतो.

आकडा उलट्या दिशेने फसवणारे एक औषधही आहे आणि त्याची जाणीव फार कमी घरांत असते. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड या गोळ्या सहा महिने ते वर्षभर घेतल्यावर पीएसए साधारण निम्म्यावर आणतात. त्याच वेळी ग्रंथीही आकसते, पण निम्मी होत नाही. एक चतुर्थांशाच्या आसपास कमी होते. त्यामुळे रक्तातला आकडाही खोटा धीर देतो आणि घनताही. ड्युटास्टेराइड घेणाऱ्याचा पीएसए ३.१ आला तर तो ३.१ नसून ६.२ च्या जवळचा आहे, असे धरून विचार करावा लागतो. या गोळ्या अनेकदा टॅम्सुलोसिनसोबत एकाच गोळीत मिळतात, त्यामुळे आपण ते औषध घेत आहोत हे रुग्णाला ठाऊकही नसते. एकदा लिहून दिलेली गोळी औषधाच्या दुकानातून वर्षानुवर्षे आणली जाते आणि नवे डॉक्टर पाहताना तिचा उल्लेख राहून जातो. प्रोस्टेटच्या तपासणीला जाताना औषधांची पाकिटे पिशवीत घालून नेणे, हा या सगळ्या तांत्रिक चर्चेतला कदाचित सर्वांत उपयोगी उपाय असेल. बऱ्हाणपुरात युनानी वैद्यकाची जुनी परंपरा आहे, तिथे युनानी तिब्बिया महाविद्यालयही आहे. हकीम, वैद्य किंवा अन्य कोणाकडून घेतलेल्या औषधांचीही माहिती याच पिशवीतून डॉक्टरांपर्यंत पोहोचायला हवी.

घनतेचा प्रश्न मुळात सर्वांसाठी नाहीच. तो मधल्या पट्ट्यातला आहे. संसर्ग नसताना पीएसए ४०, ८० किंवा काही शेकड्यांत असेल, बोटाने केलेल्या तपासणीत ग्रंथीत कठीण गाठ लागत असेल, कंबरेची किंवा मांडीच्या हाडांची दुखणी आठवडेच्या आठवडे थांबत नसतील, तर भागाकार करत बसू नये. थेट मोठ्या रुग्णालयात जावे. पाय अचानक लुळे पडू लागले तर ती आणीबाणी समजावी, कारण मणक्यात पसरलेल्या गाठीचा मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. ज्यांच्या वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता, किंवा ज्यांच्या कुटुंबात स्तन आणि बीजकोशाच्या कर्करोगाची साखळी आहे, त्यांच्या बाबतीत कमी घनतेमुळेही निश्चिंत होता येत नाही. याउलट पीएसए ४ च्या आत असूनही ग्रंथी फारच लहान असेल तर आकडे वेगळे बोलतात. ३.४ पीएसए आणि १८ घन सेंटिमीटरची ग्रंथी म्हणजे ०.१९ घनता. अहवालावर रेघ ओढलेली नसते, पण मूत्ररोगतज्ज्ञाचे लक्ष तिथे थांबते.

बायोप्सीविषयी ही इतकी काटकसर कशासाठी, असे कोणी विचारील. सुईने ग्रंथीचे दहा-बारा तुकडे काढणे ही लहान प्रक्रिया असली तरी निरुपद्रवी नाही. लघवीतून आणि वीर्यातून काही दिवस रक्त जाते, काहींची लघवी अडकते. गुदमार्गे सुई घातल्यावर आतड्यातले जंतू रक्तात जाऊन थंडी-ताप आणि क्वचित जीवघेणा संसर्ग होतो. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू भारतात फार पसरलेले असल्याने ही काळजी इथे अधिक आहे. आता अनेक केंद्रांत गुदद्वार टाळून त्यापुढच्या त्वचेतून सुई घालण्याची पद्धत रूढ होत आहे, ती याच कारणासाठी. शिवाय निष्कारण सापडलेल्या सौम्य कर्करोगावर निष्कारण झालेली शस्त्रक्रिया माणसाला उरलेल्या आयुष्यासाठी लघवीवरचा ताबा आणि कामजीवन गमावायला लावू शकते.

दुसऱ्या बाजूला उशिराची किंमतही मोठी आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे १४ लाख ६७ हजार पुरुषांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला आणि जवळपास ४ लाख पुरुष त्याने दगावले. भारतातला नव्या रुग्णांचा अंदाज सुमारे ३८ हजारांचा होता. पाश्चात्त्य देशांशी तुलना करता आपल्याकडे रुग्णांचे प्रमाण कमी आहे, परंतु रोग हाडांत पसरल्यावर रुग्णालयात पोहोचणारे मात्र कितीतरी अधिक आहेत. भारताच्या असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी आहे, प्रोस्टेटची नाही. सरसकट सर्व पुरुषांची पीएसए तपासणी करावी असे इथे कोणी म्हणत नाही आणि तसे म्हणण्याइतका पुरावाही नाही. तरीही खासगी प्रयोगशाळांच्या ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये पीएसए आता आपसूक येऊन बसतो. म्हणजे धोरण नसले तरी आकडे घरोघरी पोहोचत आहेत, आणि त्यांचा अर्थ लावण्याचे काम कुटुंबातल्या मोबाइल हाताळणाऱ्या पुतण्यावर पडते. हा प्रकार बऱ्हाणपुरात जसा आहे तसाच म्हापशात आणि मडगावातही आहे.

खर्चाचेही एक गणित यात दडलेले आहे. आयुष्मान भारत योजनेचे कार्ड एका राज्यातून दुसऱ्या राज्यात चालते. त्यामुळे बऱ्हाणपूरचा पात्र रुग्ण योजनेशी संलग्न असलेल्या महाराष्ट्रातल्या रुग्णालयातही उपचार घेऊ शकतो. २०२४ पासून सत्तर वर्षे आणि त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, या योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण खुले झाले आहे. पण ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांची आहे. दाखल होण्याची वेळ येण्याआधीच्या बाह्यरुग्ण चाचण्या, म्हणजे पुन्हा केलेला पीएसए, सोनोग्राफी, बहुतेकदा एमआरआयसुद्धा, रुग्णाच्या खिशातूनच होतात. निदानाची वाट जितकी नेमकी, तितका हा खिशातला खर्च कमी. इंदूरला किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्याने पीएसएचे जुने-नवे सगळे अहवाल तारखेसह, सोनोग्राफीतली तिन्ही मापे आणि चालू औषधे सोबत नेली तर पहिल्याच भेटीत निर्णय होण्याची शक्यता वाढते. ती नेली नाहीत तर पहिली भेट ‘हे करून पुन्हा या’ या वाक्यावर संपते आणि ५०० किलोमीटरचा प्रवास दोनदा होतो.

बायोप्सीत कर्करोग निघाला तरी घनतेचे काम संपत नाही. सौम्य प्रकारचा, ग्रंथीपुरता मर्यादित आणि मोजक्या तुकड्यांत सापडलेला रोग असेल तर लगेच शस्त्रक्रिया न करता नियमित तपासणीखाली राहण्याचा मार्ग आज जगभर स्वीकारला गेला आहे. कोणाला असे थांबवता येईल हे ठरवणारे जे निकष जोनाथन एपस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडले, त्यांत ०.१५ पेक्षा कमी पीएसए घनता ही एक अट होती. ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांना देखरेख, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत विभागून केलेल्या अभ्यासाचे पंधरा वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिन्ही गटांत प्रोस्टेट कर्करोगाने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपासच होते. देखरेखीच्या गटात रोग पुढे सरकण्याचे प्रमाण अधिक होते आणि त्यातल्या अनेकांना पुढे उपचार घ्यावे लागले, हेही त्याच अभ्यासात नोंदलेले आहे. म्हणून देखरेख म्हणजे सोडून देणे नव्हे. ठरलेल्या अंतराने, सहसा दर सहा महिन्यांनी पीएसए, मधूनमधून एमआरआय आणि ठरावीक काळाने पुन्हा बायोप्सी असे ते वेळापत्रक असते. त्यातला सहामाही पीएसए बऱ्हाणपुरातच होतो आणि पुढच्या भेटीचा दिवस ठरेपर्यंत इंदूरची गाडी धरावी लागत नाही.